पांढऱ्या चादरी आणि माझी व्हिजन

१ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. लीडरशिपच्या ऑनलाइन कोर्समध्ये सांगितलंय की मोठी माणसं रोज लिहितात. मोठी मी आहेच, लिहायचं तेवढं राहिलं होतं.

काल सासऱ्यांनी जाहीर केलं. लॉन्ड्री सहा महिने मी चालवायची. जूनअखेर हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. ते पुन्हा मिळालं तर खुर्ची माझी. नाही तर धाकट्या जावेची. आमचं निम्मं काम हॉस्पिटलचं, ते गेलं तर निम्मी माणसं घरी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा माझ्याकडे बघून आणि दुसऱ्यांदा पुन्हा माझ्याकडेच बघून.

मुलगे दोन, पण एक दातांचा डॉक्टर आणि दुसरा जहाजावर. म्हणून सुना. धाकटी आठ वर्षं खाली मशीनवर असते. मी वर ऑफिसात. उंचावरून लांबचं दिसतं.

संकल्प : रोज पाचला उठणे. आजचं धरू नये.

४ जानेवारी
‘नेत्याने माणसांत फिरावं’ (धडा पहिला). फिरले. वाफेने चष्मा धुरकटला, त्यामुळे कोण कोण होतं ते कळलं नाही, पण सगळ्यांकडे बघून हसले. मशीनचे मिस्त्री म्हणाले, बाई, तो खांब आहे.

एक धक्कादायक गोष्ट समजली. कुठली चादर कोणाची, हे आमच्याकडे अजून दोऱ्यावरून ओळखतात. कोपऱ्यात लाल टाका म्हणजे हॉस्पिटल, निळा म्हणजे मोठं हॉटेल, हिरवा म्हणजे होस्टेल. टाके घालायला एक मावशी, बावीस वर्षं. आजच्या काळात! मला लाज वाटली. मावशींना वाटलेली दिसली नाही. उलट, बाई तुमच्या बाहीची शिवण गेलीय, म्हणाल्या.

१९ जानेवारी
चिपवाला आला होता. बूट इतके चकचकीत की बोलताना मी त्यातच बघत होते. योजना सुंदर आहे. प्रत्येक चादरीच्या दुमडीत नखाएवढी चिप. गाडी दारातल्या गेटमधून गेली की कुठली चादर कोणाची ते स्क्रीनवर येतं.

चिपा दोन प्रकारच्या. एक साधी, एक उष्णता सोसणारी. त्याने विचारलं, इस्त्रीचं तापमान किती? मी म्हटलं, नॉर्मल. नेत्याने उत्तर पटकन द्यायचं असतं. साधी घेतली. जे पैसे वाचले त्यांत स्वागतकक्षासाठी मोठा स्क्रीन.

२ फेब्रुवारी
सगळ्यांची मीटिंग. एक्केचाळीस स्लाइड्स. सतराव्या स्लाइडपासून सगळे इतके एकाग्र झाले की काहींनी डोळे मिटून घेतले.

मग प्रश्न. मावशींनी विचारलं, हे इस्त्रीच्या रोलरखाली टिकेल का? मी म्हटलं, छान प्रश्न, आणि पुढचा प्रश्न घेतला. पुढचा नव्हता. (धडा चौथा : बदलाचा विरोध प्रश्नाचं सोंग घेऊन येतो.)

धाकटीने सुचवलं, ताई, पंधरा दिवस दोरा आणि चिप दोन्ही राहू देत, मग बघू. मी तिला प्रेमाने समजावलं की दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा मधल्या पाण्यात पडतो. ती म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

२० फेब्रुवारी
मोठा निर्णय. मागे फिरायची सोयच ठेवायची नाही, दोर कापायचे. सगळे जुने टाके उसवण्याचा हुकूम काढला. नऊ हजार चादरी.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आम्ही नवा दात तयार आहे ना ते बघतो आणि मग जुना काढतो. दातांच्या डॉक्टरांना व्हिजन नसते. तोंड केवढंसं, त्यात काय दिसणार?

८ मार्च
उद्घाटन! टाके गेले, चिपा बसल्या, स्क्रीन लागला. न धुतलेल्या चादरींची गाडी गेटमधून नेली. शंभर टक्के! एकूण एक चादरीने आपलं घर सांगितलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. भावनाच असणार, स्वागतकक्षात वाफ नसते.

मी छोटं भाषण केलं. त्यात ‘इनोव्हेशन’ नऊ वेळा आलं. धाकटीने मोजलं म्हणे. मोजण्याची सवय चांगली.

११ मार्च, सकाळी ९.००
धुऊन-इस्त्री झालेल्या पहिल्या गाड्या गेटमधून गेल्या. स्क्रीन शांत.

सकाळी ११.३०
अजून शांत. सिस्टिम स्थिरावली आहे.

दुपारी २.१५
मिस्त्री वर आले. अकरा वर्षांत त्यांनी हा जिना चढल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणाले, रोलर एकशे ऐंशी डिग्रीवर चालतो. मी म्हटलं, मग नॉर्मलच आहे ना? म्हणाले, रोलरला नॉर्मल आहे, बाई. चिपला नाही.

काम थांबवू का, असं विचारत होते. मी थांबवू दिलं नाही. दोन गाड्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पुरेसा डेटा हवा.

१४ मार्च
डेटा आला. नऊ हजार चादरींपैकी बोलणाऱ्या चादरी : शून्य.

१५ मार्च
मावशींना वर बोलावलं, खुर्ची दिली. मनात होतं, बावीस वर्षांचा हात आहे, नुसता स्पर्श करून सांगतील. चार चादरी पुढे ठेवल्या. त्यांनी बोटं फिरवली, उजेडाकडे धरल्या, एक हुंगलीसुद्धा. मग म्हणाल्या, पांढरं ते पांढरं. मला काय त्या ओळखीचं हसणार आहेत? ओळखता आल्या असत्या तर टाके कशाला घातले असते?

अनुभवी माणसांकडून माझी निराशा झाली.

२२ मार्च
अंदाजाने वाटप चालू आहे. जाडजूड ती हॉटेलची, बाकी देवाच्या भरवशावर.

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन. पाहुण्यांच्या चादरीवर आयोडिनचा डाग निघाला. धुतलेला आहे, मी सांगितलं. ते म्हणाले, पाहुण्यांना ते समजावून सांगायला तुम्ही येता का?

हॉस्पिटलच्या मेट्रनचा फोन. चौदा नंबरच्या पेशंटला हॉटेलची चादर गेली आहे आणि तो डिस्चार्ज घ्यायला तयार नाही.

होस्टेलकडून तक्रार नाही. ग्राहकांचं समाधान वाढतं आहे (होस्टेल).

९ एप्रिल
सगळ्या ग्राहकांना पत्र पाठवायचं. मसुदा सहावा : ‘तंत्रज्ञानातील गुंतवणुकीच्या संक्रमणकाळात चादरींच्या मालकीबाबत तात्पुरती संदिग्धता उद्भवली आहे.’ धाकटीला वाचून दाखवला. तिने विचारलं, हे कोणी केलं ते यात कुठे आहे? मी म्हटलं, ‘उद्भवली आहे’ असं लिहिलंय ना. ती म्हणाली, ताई, आपोआप उद्भवायला ती काय बुरशी आहे? सरळ फोन करा आणि सांगा.

तिला पत्रव्यवहाराचा अनुभव कमी आहे. सातवा मसुदा घेतला.

२ मे
हॉस्पिटलचं पत्र. दुसऱ्या एका लॉन्ड्रीकडून दर मागवले आहेत, असं कळवलंय. तीन ओळी. त्यांच्याकडे कोणी सात मसुदे करत नसावं.

४ मे
हल्ली मी कॅन्टीनमध्ये गेले की सगळे गप्प होतात. आदर वाढला आहे.

दुपारी मावशींनी जिन्यात गाठलं. आवाज हळू. निम्मी माणसं घरी जाणार म्हणतात, तर त्या निम्म्यांत कोण कोण ते ठरलंय का, असं विचारलं. म्हणजे लेकीला आधी सांगून ठेवायला बरं. मी म्हटलं, छे, तसं काही नाही हो. त्या म्हणाल्या, बरं.

वर येऊन दार लावून घेतलं. स्लाइड्स उघडल्या. सतरावी स्लाइड बराच वेळ बघत होते. त्यावर एका बाणाचं चित्र आहे. तो वर जातो. कुठे जातो ते लिहिलेलं नाही.

एवढं लिहायचं नव्हतं.

६ मे
फोन केले. सात ग्राहक, सात फोन. मसुदा घेतला नाही. म्हटलं, चूक माझी आहे. मला विचारलं होतं, मी ऐकलं नाही. पहिल्या फोनला हे दोनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यापासून जरा जमलं. शिव्या मिळाल्या, पण फोन कोणी आपटला नाही. जिमवाल्यांनी तर त्यांच्या टॉवेलबद्दल जुन्या तीन तक्रारीही सांगून घेतल्या. मी सगळं वहीत लिहून घेत होते.

मेट्रन पस्तीस मिनिटं बोलल्या. माझा इतका अपमान शाळेनंतर कोणी केला नव्हता.

चहाच्या वेळी खाली जाऊन धाकटीपुढे सगळं ओकले. म्हटलं, ऐक, ही बाई मला काय म्हणते. म्हणते, तुमची चादर माझी चादर करत बसायला मला वेळ नाही. मला माझीच चादर हवी कशाला? मला सकाळी सातला सहाशे चादरी हव्यात. मापाच्या, स्वच्छ, न फाटलेल्या. मग त्या कोणाच्या का असेनात! बोलण्याची ही पद्धत झाली?

धाकटीचा कप तोंडापाशीच थांबला. म्हणाली, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. म्हणाली, ‘कोणाच्या का असेनात’ असंच म्हणाल्या? हेच शब्द? मी वही दाखवली. ती चहा तसाच टाकून मिस्त्रींकडे पळाली.

माझ्या अपमानाबद्दल कोणी काही बोललं नाही.

७ मे
धाकटीची योजना. सगळ्या चादरी आपणच विकत घ्यायच्या. हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल यांनी चादरी बाळगायच्याच नाहीत, नुसत्या वापरायच्या आणि वापराचं भाडं द्यायचं. आपण जाड आणि पातळ एवढंच वेगळं करायचं. दोरा नको, चिप नको, कोणाची कोणती हा प्रश्नच नको. मावशींनी फाटक्या बाजूला काढायच्या आणि रफू करायचं, कारण आता फाटली तर आपली फाटते.

सासऱ्यांनी हिशेब दोनदा करून पाहिला. मग म्हणाले, चाळीस वर्षांत हे मला सुचलं नाही.

मी जानेवारीपासून हेच म्हणत होते. फक्त शब्द वेगळा होता. (शब्द : चिप.)

१० जून
हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवसांची चाचणी चालू आहे. सकाळी सातला सहाशे. मी यात लक्ष घालत नाही. लक्ष घालायला गेले होते, मिस्त्रींनी गाडी आणि खांब यांच्यामध्ये मला उभं केलं आणि म्हणाले, बाई, इथून सगळं छान दिसतं. सव्वा तास तिथे होते.

मेट्रनकडून नऊ दिवस एकही फोन आला नाही. मला चुकल्यासारखं झालं. दहाव्या दिवशी मीच केला. त्या म्हणाल्या, सगळं ठीक आहे, तुम्ही का केलात? मग म्हणाल्या, आता केलाच आहात तर सांगते, उशांचे अभ्रे तेवढे आखूड पडतात. लिहून घेतलं. धाकटीला दिलं. दुसऱ्या दिवशी अभ्रे लांब झाले.

३० जून, दुपारी
कॉन्ट्रॅक्ट झालं. तीन वर्षांचं. कोणीही घरी जाणार नाही. मावशींनी लेकीला फोन लावला आणि इतक्या मोठ्याने बोलल्या की बॉयलरसुद्धा ऐकू आला नाही.

सहीची वेळ आली. मी पेन काढलं. सासऱ्यांनी कागद धाकटीपुढे सरकवला. तिच्याकडे पेन नव्हतं. माझं दिलं.

मेट्रन जाताना मला म्हणाल्या, फोन करत जा हो अधूनमधून. सौजन्य म्हणून म्हणाल्या असतील.

नंतर जिन्यात सासऱ्यांनी विचारलं, रागावलीस का? मी म्हटलं, छे. ते दोन पायऱ्या उतरले आणि उभे राहिले. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, साहजिक आहे. मग दोघंही खाली आलो.

१ जुलै
वरचं ऑफिस आता उशांच्या अभ्र्यांचं गोदाम. खुर्ची धाकटीने खाली नेली आणि तिच्यावर रफूच्या चादरी ठेवल्या. ती स्वतः उभीच असते.

मला विचारलं, ताई, तुम्ही आता काय करणार? मी दिशा, धोरण, दूरदृष्टी असं बोलायला लागले. ती थांबली. मी बोलत राहिले, ती थांबूनच राहिली. शेवटी माझ्याकडचं बोलणं संपलं.

मग ती म्हणाली, राग मानू नका. लोक काय म्हणतात त्याचा अर्थ तुम्हाला लागत नाही, पण शब्दन् शब्द जसाच्या तसा आणता. मला तर दुसऱ्याच वाक्याला राग येतो, मी फोन ठेवून देते. तुम्ही पस्तीस मिनिटं ऐकलंत. हे इथे कोणालाच येत नाही. सगळे फोन यापुढे तुम्ही घ्या.

हे कौतुक होतं की नाही, ते ठरवतेय. दिवसभरात तरी ठरलं नाही.

३ जुलै
जिन्याखाली टेबल लागलं. फोन, वही, पंखा. पंखा चालत नाही, ती पहिली तक्रार मीच नोंदवली.

पदाचं नाव काय ठेवायचं, यावर मी चार पर्याय लिहून दिले होते. सर्वांत साधा ‘ग्राहकसंवाद आणि इनोव्हेशन प्रमुख’. धाकटी म्हणाली, ताई, पाटी एवढीशी आहे.

दुपारी मिस्त्री पाटी ठोकून गेले. वर लिहिलंय, ‘तक्रार’. शेजारी बाण. तो माझ्याकडे येतो.