पंपघरातल्या फोटोचे डोळे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठणठणीत आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. तुझी कंबर आता स्टुलावर चढण्याइतपत बरी झाली का? (हे मी उगाच विचारत नाहीये, पण त्याचं कारण मागाहून.)

तुझ्या भाऊजींच्या निवृत्तीच्या समारंभात तू काढलेला फोटो पंपघराच्या भिंतीवर, आधीच्या पाळीप्रमुखांच्या रांगेत लागला आहे, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले आहेत. ज्या माणसाने उभा जन्म रात्रपाळीत जागून शहराचं पाणी सांभाळलं, टाकी कधी रिकामी पडू दिली नाही की ओसंडू दिली नाही, तो आता त्याच भिंतीवर डुलकी काढतोय. कामावर येणारी मंडळी ओठांवर बोट ठेवून एकमेकांना 'हळू, साहेब झोपलेत' म्हणतात. हे मला म्हणाले, "हसू देत गं, तेवढीच त्यांची करमणूक." पण हल्ली भाजी आणायला जाताना हे पंपघराचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जातात, आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मला ते फार लागलं. तेव्हाच मी ठरवलं, की हा माणूस भिंतीवर राहील तो उघड्या डोळ्यांनीच राहील.

तू फोनवर हात झटकून मोकळा झालास, 'भाऊजींचे डोळेच मिटतात, मी काय करू?' म्हणालास. म्हणून मी सरळ कॅमेऱ्यांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, की तुझ्यासारख्यांचा तो महागडा, आपोआप चालणारा फ्लॅश आधी अंदाज घ्यायला एक बारीक झोत सोडतो आणि मग खरा. काहींचे डोळे इतके चपळ असतात, की पहिल्या झोताला मिटतात आणि दुसऱ्याच्या वेळी मिटलेलेच सापडतात. ऐकलंस? म्हणजे तुझे भाऊजी झोपले नव्हते, ते गरजेपेक्षा जास्त जागे होते! त्यावर उपाय म्हणजे साधा, एकदाच उडणारा फ्लॅश. त्याचा जोर आपण हाताने ठरवायचा. (सांगितलं तेवढंच करणारं आणि मधे स्वतःची अक्कल न चालवणारं कुणीतरी या घरात मला हवंच होतं.) आमच्या ऐपतीतले असे दोन निघाले. माझा चेहरा बघून बाईंनी दोन्ही घरी नेऊन बघायला दिले.

पहिला मोठा रुबाबदार, त्याला पडदा काय, बटणं काय! ह्यांना कडक इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलं. पहिल्या खेपेला मी जोर पुरता चढवला, तर फोटोत नुसती मिशी आली, बाकी चेहरा पिठात बुडवल्यासारखा. मग जोर उतरवत आणला, तर निराळीच भानगड. हा फ्लॅश तयार झाला की 'टीं' करतो, आणि पंपघरात 'टीं' म्हणजे दाब घसरला. झालं! 'टीं' वाजलं की हे ताडकन उठायचे, आणि मी बटण दाबेपर्यंत समोर पोट. त्यांच्या पोटाचे सुरेख फोटो माझ्याकडे जमले आहेत, हवे असतील तर कळव. एकदा तर स्वयंपाकघरात जाऊन नळ तपासून आले. (तो आवाज बंद करता येतो, असं माहितीपत्रकात होतं म्हणे. पण तोवर त्या फ्लॅशचं आणि माझं बिनसलं होतं.)

दुसरा म्हणजे नुसता ठोकळा. मागे एक फिरवायची खुंटी, आणि समोर एक लाल दिवा, तयार झाला की लुकलुकणारा. 'आता हललात तर बघा' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बघते तर हे पुतळ्यासारखे बसलेले. पंपघरात लाल दिवा लागला की त्यावरून नजर काढायची नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पापणी म्हणून लवेना! मी बटण दाबलं. धाकट्या, काय फोटो आलाय म्हणून सांगू! डोळे टक्क उघडे, आणि 'टाकी फुटायला आली आहे, पण मी ती फुटू देणार नाही' अशी मुद्रा. तो ह्यांनी चष्मा चढवून अगदी जवळून पाहिला. मग "हं, हा कामावर आहे," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ठोकळा ठेवून घेतला, रुबाबदाराला दुकानात पोचता केला.

बाकी सगळं ठीक. वेळेवर जेवत जा.

तुझ्यावर अजिबात न चिडलेली,
ताई

ता. क. नवा फोटो चौकटीत बसवून तयार आहे. रविवारी ये. पंपघरातलं स्टूल उंच आहे आणि त्यावर तूच चढायचं आहेस, सगळ्या पाळीदेखत. सबबी सांगू नकोस. कमरेचा पट्टा मी आणून ठेवला आहे.

ता. क. आणखी एक. उतरवलेला फोटो टाकू नकोस, ह्यांच्या नकळत माझ्याकडे दे. हे जन्मभर रात्रपाळीला आणि मी दिवसभर टपाल कचेरीत. ह्यांना असं निवांत झोपलेलं मी कधी धड पाहिलंच नाही. फोटो काढताना ते जागे होते हे मला ठाऊक आहे, तरी तो फोटो मला उशाशी हवा आहे.