‘मारहाण’ची नोंद

आजोबा, तुमच्या आठवणींचं ई-बुक होतंय आणि त्याची सूची मी करते आहे. छापील सूचीत पानांचे आकडे असतात. इथे नोंदीवर बोट ठेवलं की थेट तो परिच्छेद उघडतो. संस्थान विलीन झालं, मध्यभारत आला, मग मध्यप्रदेश. दर वेळी शाळेची पाटी बदलली, वर्गात मराठी जाऊन हिंदी आली, हे तुम्ही सविस्तर लिहिलंय. हिंदीत शिकवताना तुम्ही अडखळलात, एक मुलगा हसला, "त्यास समज दिली." तो मुलगा आता मुरारला राहतो. मी फोन केला तर म्हातारा खदखदून हसला. "बिटिया, डस्टर फेकके मारा था! समोरचे दात गेले. पण गणित पक्कं झालं हां!" तो परिच्छेद मी ‘मारहाण’ या नोंदीखाली घातला.

पुस्तकाचा खर्च तुमचा धाकटा करतोय, माझे काका. माधवगंजहून आले आणि स्क्रीन पाहून भडकले. "मारहाण? ही कसली नोंद? आणि सूची हवीच कशाला, सर्च आहे ना?" त्यांनीच ‘मारले’ टाइप केलं. काही निघालं नाही. "देख लो. पुस्तकात नाही, म्हणजे झालंच नाही."

"म्हणून तर सूची लागते, काका. शब्द नसला तरी गोष्ट सापडायला हवी."

"अक्षरं कोणी शिकवली तुला? त्यांनीच ना?"

तुम्हीच. शाळेत जायच्या आधी, स्वयंपाकघरात. तुम्ही ‘ळ’ गिरवायला देता, माझा बिघडतो, आणि फूटपट्टीची धार बोटांच्या पेरांवर उतरते. आई पोळ्या लाटत राहते. पाटीवर पडलेलं रक्त मीच पुसायचं, मग पुन्हा ‘ळ’. तुम्ही गेलात तेव्हा मी दुसरीत होते. तोवर माझं अक्षर सुंदर झालं होतं.

काकांची नाराजी मला झेपत नाही. मी नोंद खोडायला घेतली, तसा त्यांनी माझा हात धरला. त्यांचं डावं मनगट अजून पुरतं वळत नाही. "पुस्तकात एक जागा आहे," ते म्हणाले, "‘धाकटा जिन्यावरून पडला.’ मी पडलो नव्हतो. ते पण जोड." मी जोडलं. त्यांनी बोट ठेवून पाहिलं. "हां. बरोबर उघडतंय."

एक सांगायचं राहिलं. कामाला बसले त्या दिवशी सगळ्यात आधी मी ‘नात’ शोधलं होतं. एकदाच निघालं: "नात हुशार आहे." सूचीत ते कुठेच घातलं नाही. पण रोज काम सुरू करण्याआधी मी तिथे जाऊन येते.