नावाच्या अलीकडचं अक्षर

वडीगोद्री
१२ नोव्हेंबर २०२५

॥ श्री ॥

ती. गं. भा. साधनाअक्कास,
धाकटा भाऊ रामप्रसादचा शि. सा. न. वि. वि.

पत्र छापील बघून दचकू नकोस. नवा कॉम्प्युटर आला. तुझे कान गेल्यापासून मी फोनवर ओरडतो, ते सगळ्या गल्लीला कळतं, एक तू सोडून. मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला नकोशी. म्हणून पत्रंच बरी.

कॉम्प्युटरला जागा करता करता कंबर धरली. माझ्या पुढच्या खोलीला मी ऑफिस म्हणतो आणि तू भंगारखाना म्हणतेस, ते काही खोटं नाही. उरलेल्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे, उत्तरकार्याच्या पत्रिकांचे नमुने, लोक परत न्यायला विसरलेले त्यांच्या मयतांचे फोटो, आणि वर तुझ्या भावजयीनं आणून टाकलेलं सोयाबीनचं पोतं. फोटो एका बाजूला रचले, तर ते सगळे नेमके नव्या पडद्याकडं तोंड करून बसले. जालन्याच्या कॉम्प्युटरवाल्या मच्छिंद्रनं जुन्या मशीनमधलं सगळं नव्यात ओतून दिलं. इतक्या वर्षांच्या पत्रिका, सगळी नावं आत आहेत. मशीन इतकं शांत चालतं की चालू आहे का बंद हे हात लावून बघावं लागतं.

दाजींच्या बायपासची तारीख डिसेंबरच्या मध्याला धरली हे बरं झालं. संभाजीनगरचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. तू काळजी करत बसू नकोस.

माया आहेच, ती तुझ्या दुकानातल्या पेढ्याच्या पुड्यातून अधूनमधून दिसू द्यावी.

तुझा,
रामप्रसाद

---

राजूर
२० नोव्हेंबर

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

चि. रामप्रसादास अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक पाठीत.

नवं मशीन आलं, आनंद झाला. पण ते घेताना तुझी अक्कल दुकानदाराकडं गहाण राहिली काय? पत्र उघडलं तर वरच लिहिलेलं, गं. भा. साधनाअक्का. अरे, नवरा गेलेल्या बाईच्या नावाला लावायची ती अक्षरं. माझा नवरा समोर ओट्यावर बसून बिनसाखरेच्या चहाला नावं ठेवत होता आणि इकडं सख्ख्या भावानं माझं कुंकू पुसलेलं!

मी आधी हसले. खरंच हसले. म्हटलं, जन्मभर उत्तरकार्याच्या पत्रिका जुळवून याच्या बोटांना तेवढंच वळण राहिलं. मग पत्राची घडी घातली आणि ती यांना दिसू नये म्हणून नारळाच्या पोत्याखाली सारली. तिथून माझं हसू गेलं. ऑपरेशन तोंडावर आलेलं, आणि तुला आत्ताच ही चूक सुचावी?

पुढच्या पत्रात नीट लिही. सौ. लिही. चांगलं ठसठशीत लिही.

भावजयीला सांग, सोयाबीन विकून टाक, तिथं उंदीर होतील.

रागातही तुझीच,
अक्का

---

वडीगोद्री
२७ नोव्हेंबर

॥ श्री ॥

ती. गं. भा. साधनाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वरची ओळ मी मुद्दाम तशीच ठेवली आहे, कारण माझ्यावर तुझा विश्वास बसणार नाही. अक्का, मी सौ. टाईप केलं. बोटाखालची अक्षरं बघत केलं. मान वर करून पडद्याकडं बघेपर्यंत तिथं गं. भा. झालेलं. खोडलं, परत सौ. लिहिलं, परत तेच.

जालन्याला जाऊन मच्छिंद्रलाच घेऊन आलो. तो म्हणाला की हे मशीन शब्द आपोआप दुरुस्त करतं, जुन्यातलीच कुठली तरी दुरुस्ती सोबत आली असणार. त्यानं दुरुस्त्यांची सगळी यादी उघडली. तुझं नाव त्यात कुठंच नव्हतं. तरी त्यानं यादी पुसून साफ केली. मग मी तुझ्या भावजयीचं नाव लिहून बघितलं, तिचं सौ. जागच्या जागी. दुसऱ्या गावच्या एका साधनाबाईचं लिहिलं, तिचंही राहिलं. तुझं लिहिलं की बदललं. मच्छिंद्रनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं की ताईंचे यजमान बरे आहेत ना.

हे तुला कळवावं का नाही, यावर आमच्या घरात भांडण झालं. तुझी भावजय म्हणाली, न्हाई कळवलं तर त्यांना वाटंल की तुम्हीच बेफिकीर आहात. म्हणून कळवतो. मशीनच ते, त्याला काय कळतंय. दाजींची पथ्यं बघ.

ओढ आहे तशी राहू दे.

तुझा,
रामप्रसाद

---

राजूर
४ डिसेंबर

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

चि. रामप्रसादास आशीर्वाद.

या खेपेला हसू आलं नाही. मी पेन घेतलं आणि तुझ्या छापील ओळीवर रेघा ओढून वर सौ. लिहिलं. पण खोडलेलं खालून दिसतंच. मग त्यावर कुंकवाचं बोट ओढलं, तरी दिसलं. मी अशी येडी नाही, तुला माहीत आहे. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बाया दुकानात आल्या तर मी त्यांना नारळ विकते आणि वाटेला लावते. पण आता हे झोपले की मी यांच्या नाकापाशी हात धरून बसते. श्वास लागला की हात काढते, आणि पुन्हा धरते.

यांना यातलं काही सांगितलं नाही. हे आपले आनंदात आहेत. ऑपरेशन झालं की चारी ठाव जेवणार म्हणतात.

तू एक कर. त्या मशीनला यादी करता येते ना? मग त्या यादीत तुझ्या हातानं माझं नाव घाल आणि त्याला सौ. असं बसव की कुणाच्या बापाला काढता येऊ नये. मी मेले तरी निघू नये. हसू नकोस. मोठ्या बहिणीनं तुझ्याकडं कधी काही मागितलंय का? हे मागते.

जल्दी कर. तारीख जवळ आली.

तुझी,
अक्का

---

वडीगोद्री
१० डिसेंबर

॥ श्री ॥

ती. सौ. साधनाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बघ! बसलं.

यादीत तुझं नाव घातलं आणि बजावलं की या नावाच्या अलीकडं सौ. आलंच पाहिजे, काही झालं तरी. मशीननं बिलकुल खळखळ केली नाही. वाटच बघत होतं म्हण ना. आता नुसतं साधना लिहिलं तरी सौ. आधी येऊन उभं राहतं. गंमत म्हणून मीच ते खोडायला गेलो, तर निघेना. सातबाऱ्यावर नाव चढावं तसं चढलंय.

आता निर्धास्त मनानं दाजींना घेऊन जा. पाठ टेकायला सतरंजी ने, दवाखान्यातली बाकडी लोखंडी असतात. आणि त्यांची औषधं सांभाळताना स्वतःच्या पोटात चार घास घाल.

आशीर्वादाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा,
रामप्रसाद

---

राजूर
२९ डिसेंबर

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

चि. रामप्रसादास अनेक अनेक आशीर्वाद, एकही पाठीत नाही.

हे घरी आले! छातीवर केवढी थोरली शिवण आहे, पण चेहरा उजळलाय. डॉक्टर म्हणाले की काळीज आता तरण्या माणसासारखं चालेल. काल यांनी गुपचूप पेढा खाल्ला. मी ओरडले आणि मनातल्या मनात इतका आनंद झाला की काय सांगू.

तुझं ते सौ. लिहिलेलं पत्र मी ऑपरेशनभर चोळीत ठेवलं होतं. यांना आत नेलं तेव्हा बाहेर बसून राजुरेश्वराला एकच सांगितलं की माझं सौ. तेवढं राख, बाकी तुझी मर्जी. देवानं ऐकलं आणि तुझ्या मशीननंही ऐकलं. संक्रांतीच्या वाणाला स्टीलच्या छोट्या डब्या आणून ठेवल्यात. या खेपेला गावातली एक सवाष्ण सोडणार नाही, सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावणार आहे.

मी ठीक आहे. दवाखान्यातल्या खाण्यानं पित्त खवळलंय, छातीत जळजळतं आणि डावा हात ठणकतो. पिशव्या उचलल्या ना सारख्या. जिना चढताना दम लागतो, आता काय वय झालं. अंगारकीची गर्दी उरकली की पडून घेईन.

भावजयीला डबी राखून ठेवलीय, येऊन घेऊन जा म्हणावं.

सुखात असलेली तुझी,
सौ. अक्का

---

वडीगोद्री
५ जानेवारी २०२६

॥ श्री ॥

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे हातानं लिहितोय.

आज तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मशीनपुढं बसलो. तुझं नाव लिहिलं. सौ. जागच्या जागी होतं, दिल्या शब्दाप्रमाणं. पण त्याच्याही अलीकडं मशीननं आणखी एक अक्षर आणून ठेवलं होतं. उत्तरकार्याच्या पत्रिकेत गेलेल्या माणसाच्या नावाआधी घालतो, ते. माझ्यानं इथं लिहवत नाही.

मग माझ्या ध्यानात आलं, अक्का. सौ. कधीच निघू नये, असं मी त्याला बजावलं. नवऱ्याच्या आधी जाते तिचंच सौ. कधी निघत नाही. इतक्या पत्रिका जुळवल्या मी, आणि माझ्या बहिणीच्या वेळी हे मला सुचू नये? नियम काढून टाकायला यादी उघडली. यादीत काहीच नव्हतं. मी घातलेलं सुद्धा नव्हतं. मशीनची वायर उपसून टाकली.

लगेच दाजींना फोन केला. डावा हात ठणकतो ते पित्त नव्हे, तिला आत्ताच डॉक्टरकडं न्या म्हणालो. त्यांनी तुला पाटीवर लिहून दाखवलं, तर तू म्हणालीस म्हणे की उद्या अंगारकी, वर्षाचा धंदा, परवा जाऊ. अक्का, जाऊ दे तो धंदा. शेजारचा वसंता आज मालानं भरलेली गाडी घेऊन राजूरला निघालाय, तिच्यात बसायला जागा नाही, म्हणून त्याच्या हाती हे पत्र देतो. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल. माझी गाडी गॅरेजात आहे, उद्या पहाटेच्या एसटीनं मी येतोच. पण तू माझी वाट बघू नकोस, आजच जा.

मला तू पाहिजेस. तुझ्या नावापुढं काही का असेना.

तुझा,
रामप्रसाद

---

राजूर
२२ जानेवारी २०२६

रामप्रसाद यांस,
बद्रीनाथचा नमस्कार.

वर देवाचं नाव घातलेलं नाही. सुतक फिटलं, पण हात उचलेना.

तुम्ही तेराव्याला आलात, गर्दीत बोलणं झालं नाही. तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हता. तुम्हाला वाटतं की सगळं तुमच्या हातून झालं. म्हणून ही हकिकत कळवतो.

तुमचं पत्र वसंतानं त्या संध्याकाळी आणून दिलं. तिनं ते दिव्याखाली धरून वाचलं, परत एकदा वाचलं. माझ्याकडं बघितलं, शर्टाचं बटण उघडून माझ्या शिवणीवर हात ठेवला आणि ‘मंग बराबर हाये’, एवढंच म्हणाली. मला काही कळलं नाही. मी विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं. दवाखान्यात चल म्हणून मी हट्ट धरला, तर मलाच रागावली, की ओरडू नका, टाका तुटंल. सकाळी दुकान उघडलं, रांग पार रस्त्यापर्यंत आल्ती. एका बाईला नारळ देता देता ती पोत्यावर बसली. ती बसली एवढंच मी बघितलं. तुमची एसटी त्यानंतर आली. पत्र मी नंतर वाचलं.

बाया येऊन तिच्या पाया पडून गेल्या. नशीबवान म्हणाल्या, भरल्या कपाळानं गेली, सोनं झालं म्हणाल्या. मी ओट्यावर बसून ते सोनं ऐकत होतो. वाणाच्या डब्या तशाच फळीवर आहेत. सुतक फिटल्यावर मी वाटायला काढल्या, तर पुरुषमाणूस वाण देत न्हाई, असं सांगून बायांनी मला परत ठेवायला लावल्या.

तेराव्याची पत्रिका तुम्ही मच्छिंद्रकडून करून घेतली. चांगली झाली. तिच्या नावाआधी कै. सौ. बराबर आहे. खाली माझं नाव आहे, श्री. बद्रीनाथ. लग्नाच्या पत्रिकेत तेच होतं, आताही तेच. तिच्यासाठी किती अक्षरं करून ठेवलीत लोकांनी. मी असतो तर एक, नसतो तर दुसरं. ती गेली, आणि माझ्या नावाला एक टिंबही लागलं नाही. दुकानात येणारं कुणी नाव वाचून ओळखणार नाही की या माणसाच्या घरी आता कुणी नाही.

तुम्ही ते मशीन गोणपाटात बांधून सोयाबीनच्या पोत्यामागं ठेवलंय असं कळलं. माझी एक विनंती आहे. तुमच्यावर राग नाही, म्हणूनच मागतो. ते एकदा सोडा, वायर लावा आणि माझं नाव लिहा. लिहिताना बोटाकडं बघा, मग मान वर करा.

काही बदललं तर कळवा. डॉक्टर म्हणतात की हे काळीज अजून पुष्कळ वर्षं चालेल.

तिच्यामागं तुमचा जिव्हाळा राहावा.

बद्रीनाथ