ऐकायचं दार, हुकमाचं दार

आदरणीय भाऊरावमामा,

सप्रेम जय भीम. नीलमताईकडे नाशिकला तुमचे गुडघे काय म्हणतात? तिथल्या थंडीत त्यांची कुरकुर वाढली असणार. इकडे घाटकोपरला तुमचं घर ठीक, गॅलरीतली कोरफड ठीक, मीही ठीक. फोनवर मी फार फास्ट बोलते असं तुमचं म्हणणं, म्हणून लिहितेय.

तर मामा, तुमच्या शोकेसमध्ये (कॅरमच्या ट्रॉफ्यांमागे, ट्रॉफ्या हलवलेल्या नाहीत, म्हणजे थोड्याच हलवल्यात) एक छोटं मशीन दिवसरात्र चालू आहे. त्याला नोड म्हणतात. आम्ही पाच मित्रमैत्रिणी मिळून कादंबरी लिहितोय, पण कागदावर नाही, आमच्याच एका ब्लॉकचेनवर. म्हणजे प्रत्येकाच्या घरी एक मशीन, प्रत्येकाकडे अख्खी कादंबरी, आणि एकदा चढलेलं प्रकरण कोणाच्या बापाला खोडता येत नाही. फक्त रविवारच्या आत माझं मशीन बाकीच्यांशी जोडलं गेलं पाहिजे होतं, नाहीतर माझं प्रकरण कटाप.

सेटिंगमध्ये पहिलाच प्रश्न, कुठल्या पत्त्यावर ऐकू? मी लिहिलं, ३०२, बुद्धविहाराच्या मागे, इस्त्रीवाल्याच्या वर. (आपल्याकडे खूण सांगितल्याशिवाय पत्ता पूर्ण होतो का?) मशीनने तोंड फिरवलं. मग तिथे आधीपासून जे १२७.०.०.१ होतं तेच ठेवलं आणि माझं प्रकरण पाठवून दिलं. सगळीकडे शांतता. मला वाटलं, वाचून सुन्न झालेत बिचारे. दोन दिवस मी थोर लेखिकेसारखी घरभर फिरले. मग विकीचा फोन आला (हा आमच्यातला मशीनवाला, गोराईचा, घरची होडी आहे). म्हणाला, "अगं येडे, तुझा नोड स्वतःशीच बोलतोय! तो पत्ता म्हणजे फक्त आपलंच ऐकायचं." मी म्हटलं, लेखकाचा नोड आहे, अजून काय करणार.

त्याने तिथे चार शून्यं टाकायला लावली. त्याचा अर्थ, कुठूनही या, ऐकतोय. मग पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर. मी आपला ३०२ दिला, तर परवानगी नाही! हजारच्या आसपासपर्यंतची दारं म्हणे मशीनच्या मालकासाठी राखीव, साध्या माणसाने पुढचा नंबर घ्यायचा. मी १९५६ टाकला. विकीने विचारलं, हाच का? म्हटलं, त्या साली आमच्या आज्याने नागपूरला जाऊन एक दार कायमचं उघडलं. त्याने पुढे एकही प्रश्न न विचारता नंबर पक्का केला. (विकीने प्रश्न न विचारणं म्हणजे कोळिणीने भाव न करता मासळी देणं.) मग तुमच्या राउटरलाही सांगितलं, १९५६ वर कोणी आलं की शोकेसकडे पाठव. मशीनला हुकूम द्यायचं दार वेगळं असतं; ते हुकमाचं दार मात्र विकीने १२७ वरच, म्हणजे फक्त माझ्यापुरतंच, ठेवायला लावलं. ऐकायचं सगळ्यांचं, हुकूम घरचाच.

आणि मामा, आले ना! आधी गोराई, मग मुलुंडची पद्मजा, मग बाकीचे दोघं. माझं प्रकरण सरसर गेलं सगळ्यांकडे. पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. दारात आलेल्याला माझ्या मशीनने एवढंच विचारलं, आपल्या कादंबरीचा पहिला तुकडा एकच ना? हो म्हटल्यावर आत. गाव कुठलं नाही, आडनाव काय नाही. आज्याने आडनावाच्या त्या एका प्रश्नावर किती दारं तोंडावर बंद झालेली बघितली, आणि इथे कॅरमच्या ट्रॉफ्यांमागे एवढासा हिरवा दिवा लुकलुकत सगळ्यांना या या म्हणतोय. मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते.

मामींना जय भीम.

तुमची,
संघमित्रा

ता. क. शनिवारी नाशिकहून आल्याआल्या "फुकट लाईट जळते" म्हणून शोकेसमागचं बटण बंद करू नका, प्लीज.

ता. क. २. रविवारी विकी घरी येतोय. तुम्ही दाराची साखळी न काढता फटीतून "कोण? कुठले? आडनाव?" करता, ते त्या दिवशी नको. चार शून्यांवर राहा.

ता. क. ३. तो नोड बघायला येत नाहीये. आईला अजून सांगितलेलं नाही. तुमचं सगळं ऐकून घेईन, मामा, अगदी शेवटपर्यंत. हुकमाचं दार तेवढं माझ्याकडे १२७ वर आहे.