सुंदराच्या कुंकवाचे ठिपके

मी नामा आबाजी भोईर, वय एकाहत्तर, धंदा गवंडीकाम, राहणार कशेळ्याजवळ, तालुका कर्जत. डोकं ठिकाणावर हाय, कोणाचा जोर नाय. माझ्या हातानं लिहितोय. शाळा चौथीपर्यंत, चुका असतील. त्या काढत बसू नये.

१. माझं घर, म्हणजे उरलेल्या दोन खोल्या आणि खालची जागा, मुलगी हर्षला हिला. किरण पोरा, तुझा नेरळला फ्लॅट हाय. तू तोंड उघडायचं नाय.

२. थापी, ओळंबा, पाणसळ, ही माझी गवंडीकामाची हत्यारं किरणला. वापरणार नायस, ठाऊक हाय. भंगारात घालू नको, एवढंच.

३. हे कलम नीट वाचा. मागच्या चुलीच्या खोलीची भिंत मातीची. तिला भेग गेली. माझी बायको सुंदरा दर अमावास्येला भेगेच्या टोकाला कुंकवाचा ठिपका लावायची. पुढल्या अमावास्येला भेग ठिपक्याच्या पुढं गेलेली असायची. मग नवा ठिपका. असे अकरा झाले.

ती म्हणायची, "अवो, चालली बघा पुढं."

"भिंत हाय गं ती, चालते काय?"

"चालते. तुमीच बसून हाव."

मग हर्षलाचा साखरपुडा ठरला. ती म्हणाली, "बाबा, पाहुणे येतील, भिंतीला रंग काढा." रंगच म्हणाली. सुंदरा म्हणाली, "रंग द्या, पण भेग बुजवू नका. ठिपके राहू द्या." सामान आणायला गेलो तर दुकानदार मोहियुद्दीन म्हणाला, "नामाशेठ, मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाय. आत ओल कोंडते." मी म्हणालो, "तू पत्रे विक रं, मला भिंत शिकवू नको." तो बरोबर होता. हे एकदाच लिहितोय.

मी भेगेत सिमेंट भरलं, वरून गिलावा केला, रंग मारला. ठिपके गेले. पाहुण्यांनी हात फिरवून बघितलं. मला बरं वाटलं.

त्याच पावसात, सकाळी भाकऱ्या करताना, भिंत सुंदरावर आली.

तेराव्याला हर्षला म्हणाली, "माझ्या साखरपुड्यापायी आई गेली." मी ऐकलं आणि तिला तसंच वाटू दिलं. तिनं ठरलेलं लग्न मोडलं, खालापूरला खोली घेतली, अडीच वर्षं घरी आली नाय. पोरी, तू रंग मागितलास. ठिपके मी बुजवले.

४. आता पुढच्या खोलीलाही भेग आली हाय. किरण म्हणतो बुजवू. कोणी हात लावायचा नाय. पावसाच्या आधी घर पाडायचं, मी असलो तरी, नसलो तरी; मग हर्षलाला जागा तेवढी उरेल. सुंदराचा करंडा हर्षलाला. त्यातलं कुंकू मी थोडं वापरलंय.

५. माझ्या तेराव्याला मंडप नको, भाषणं नको.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, ठाऊक हाय. पण कलम तीन, चार आणि सहाची नक्कल मोहियुद्दीन आजच खालापूरला हर्षलाच्या हातात देणार. मी तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिला काय बोलायचं ते येऊन बोलावं. येत्या मंगळवारी अमावास्या हाय. आली तर पुढच्या खोलीच्या भेगेला ठिपका तिनं लावावा. मी लावला की कुंकू खाली सांडतं.

सही: नामा आबाजी भोईर

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
मोहियुद्दीन पटेल, दुकानदार, कशेळे (सही)
मोतीबाई ठोंबरे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: कशेळे
तारीख: १२ फेब्रुवारी २०२६