पाण्याखाली लाल दिसत नाही

नवघर, भाईंदर पूर्व
रविवार, दुपार

ती. उर्मिला वन्संना गिरिजाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि कलमांना मोहोर धरला का, दोन्ही कळवा. (गुडघ्याचं आधी.) इकडे मी ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये मी मंगळवारपासून ऑक्सिजनवर आहे.

झालं असं. तुमच्या भाचीला, नेहाला, तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली फिरवायची नोकरी मिळायची होती. लहानपणापासून तिला दुसरं काही नकोच होतं. त्यासाठी आज परीक्षा. मास्क काळ्या कापडाने झाकून तलावात उतरायचं, आणि सर खांद्यावर जितक्या थापा मारतील त्या नंबरची अंगावरची वस्तू चाचपून काढायची. चुकली तर नोकरी गेली. सरावासाठी तिने टाकीसकट सगळं सामान घरी आणलं. टाकी लिफ्टमधून वर आली आणि पाठोपाठ शेजारच्या सरूबाई शहाळं घेऊन आल्या. मी लादी पुसत होते. त्यांना जरा वाईटच वाटलं. मग ऑक्सिजन कुणाला लागलाय म्हणून आतल्या खोलीतही डोकावून आल्या. टाकीत साधी हवा असते असं सांगितलं, तर म्हणाल्या, साधी हवा तर बाल्कनीत पण येते ना. (शहाळं मी प्यायले.)

नेहाचं सामान म्हणजे तिचं कपाटच, सगळं एकात एक. तिचं पुस्तक इंग्रजी. मी डिक्शनरी घेऊन बसले, एका पानाला एक संध्याकाळ. सार इतकंच, की पाण्याखाली शोधाशोध करायला वेळ नसतो. लागेल ते छातीपाशी, कुठल्याही हाताला येईल असं हवं, काही लोंबता कामा नये, आणि सोबतच्याला लांबून दिसायला हवं. म्हणजे मिसळणाचा डबाच की. मोहरी कुठे ते आपण बघतो का? मग टॉर्च, शिट्टी, कात्री, हवेचा काटा, जादा श्वासाची नळी, सगळ्यांच्या जागा ठरवल्या. ठळक दिसावं म्हणून प्रत्येकाला गावदेवीच्या ओटीतला लाल नाडा बांधला, टोकं छान मोकळी सोडून. दिसायचंही काम झालं आणि राखणही.

काल तिचे धर्मेशसर सामान बघायला आले. आधी नाड्याला हात जोडले, मग म्हणाले, "मावशी, खाली गेल्यावर लाल रंग पहिला मरतो. काळा दिसतो. आणि ही शेंडी कुठे अडकली ना, तर पोरगी तिथेच राहील." पिवळं पाहिजे, चकाकणारं.

घरात तसं एकच होतं. यांचं रस्त्याच्या कामावरचं जॅकेट. चार वर्षं कपाटात आहे, मी धुतलंही नव्हतं. नेहा म्हणाली, नको, दुकानातून आणते. मी म्हटलं, माणूस लांबून दिसावा म्हणूनच ते शिवलंय, कपाटात कुणाला दिसणार? कापायला बसले तर कात्री चालेना. (कापड जाड आहे.) पाच पट्ट्या निघाल्या. घट्ट शिवल्या, एक दोरा लोंबता ठेवला नाही.

आज काठावर बसून बघत होते. पाण्याखाली पिवळ्या पट्ट्या इकडून तिकडे जात होत्या, त्यांच्यात नेहा कुठेतरी असावी. पाचही वस्तू पहिल्या झटक्यात काढल्या तिने. सर मला म्हणाले, तुम्हीपण चला तारकर्लीला, सामान लावायला. वीस तारखेला ती निघेल. एकंदरीत सगळं उत्तम आहे, तुम्ही काही काळजी करू नका.

तुमची,
गिरिजा

ता. क. निघेल असं वर लिहिलंय खरं, पण घरी आल्यापासून ती जात नाही म्हणतेय. आई एकटी पडेल म्हणे. मी तिला सांगून टाकलं, की आत्या दोन महिने आपल्याकडे राहायला येतेय, तिचं कधीचंच ठरलंय. तर वन्सं, तुमचं ठरलंय. तिचा फोन आला तर गडबडू नका. (मी फोनवर बोलले नाही, कारण दीड खोलीत तिला सगळं ऐकू येतं.)

आणखी एक. ती एकदा गाडीत बसली, की तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी राहीन. पण या.