सेन्सर वाजत होता

२ नोव्हें. २०१४, रवि.
श्री.चा उजवा खांदा पूर्ण धरला. हात कानापर्यंतही जात नाही. डॉ. म्हणाले, तीन महिने गाडी चालवायची नाही. मितालीचं बारावीचं वर्ष, कोचिंग शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोमती नगरला. घरून, जानकीपुरमहून, दोन शेअर टेम्पो बदलून जायचं म्हणजे पोरगी जायच्या आधीच दमते. जेवताना म्हणाली, "मम्मा, आप चला लो ना. कब तक डरोगी?" मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं, हे आता अंगवळणी पडलंय. आज उलट झालं. तिने विचारलं आणि मी ताटं उचलायला घेतली.
सव्वादोन वर्षं स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गाडी नवराच चालवत आला.

३ नोव्हें., सोम.
ठरवलं, चालवीन. पण आधी मागचे पार्किंग सेन्सर तपासायचे. श्री. म्हणाला, "नऊ वर्षांची गाडी. काय उघडत बसतेस? विकून टाकू."
म्हटलं, विकली तर मितालीला काय पाठीवर नेणार?
टीव्ही लावला त्याने.
बावीस वर्षं इन्स्टिट्यूटमधली उपकरणं दुरुस्त करतेय. श्री.च्या लॅबमधला सेंट्रिफ्यूजसुद्धा माझ्याच हातचा. घरच्या गाडीचं झाकण मात्र कधी उघडलं नाही.

५ नोव्हें., बुध.
ऑफिसहून येताना अम्माजींकडे. शेजारच्या मिश्राजींच्या आई. पायाला तेल लावून दिलं. वॉकर धरून दारापर्यंत आल्या, थांबल्या, परत फिरल्या. एवढंच चालणं उरलंय.
ते माझ्यामुळे. ऑगस्ट २०१२. गेटमधून रिव्हर्स घेत होते. आरशात पाहिलं होतं, पण अम्माजी भिंतीलगत वाकून हरसिंगारची, आपल्या पारिजातकाची, फुलं वेचत होत्या. कंबरेचं हाड मोडलं. श्री. व्हरांड्यात पेपर वाचत होता. धावत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सेंसर तो बज रहा था. मुझे वहाँ तक सुनाई दे रहा था. इन्होंने ध्यान ही नहीं दिया."
मला काही ऐकू आलं नव्हतं. खरंच नाही. पुढे कान तपासून घेतले. ठणठणीत. म्हणजे कानाचा दोष नाही, लक्षाचा. मग चाव्या श्री.कडे दिल्या.
अम्माजी म्हणतात, "बिटिया, जानबूझकर थोड़े ही किया." त्यांची सून बीनाभाभी अजून बोलत नाहीत. दार उघडतात नि आत निघून जातात. त्यांचं चुकत नाही.

८ नोव्हें., शनि.
गेटला कुलूप, चाकांना विटा. इंजिन बंद, चावी फिरवून रिव्हर्स टाकला. आवाज नाही.
बंपरवर चार सेन्सर. चालू सेन्सरला कान लावला की बारीक टिकटिक येते. १, २, ४ टिकटिकत होते. ३ मुका. प्लगमध्ये हिरवा गंज. स्पिरिट आणि जुना टूथब्रश, अर्धा तास. तोही बोलायला लागला. बरं वाटलं.
पण आत बीप नाहीच.
श्री. दोनदा येऊन उभा राहिला. "झालं का? राहू दे आता." खांदा दुखत असताना उन्हात उभं राहायचं काय कारण?

९ नोव्हें., रवि.
डिकीचं अस्तर काढलं. सेन्सरची कंट्रोल डबी चांगली. डबीपासून बीप देणाऱ्या बझरकडे दोन वायरी जातात. दोन्ही कापलेल्या. तुटलेल्या नव्हेत, कटरने सरळ कापलेल्या, आणि टोकांना नीट टेप. टेपचा गोंद वाळून कडक झालेला. म्हणजे जुनं काम.
श्री.ला दाखवलं.
"उंदीर असेल."
"उंदीर टेप लावत नाही."
आंघोळीला गेला.
नवा तुकडा जोडला, डाख दिला, रिव्हर्स टाकला. एवढ्या जोरात वाजलं की मीच दचकले. स्वयंपाकघरातून मिताली, "ये क्या बज रहा है?"
हा आवाज मला गाडीत बसून ऐकू आला नसता?

११ नोव्हें., मंगळ.
अर्धा दिवस रजा. इथल्या लालबागला, ऑटो इलेक्ट्रिशियन उस्मानभाईंकडे. सेन्सर त्यांनीच बसवले होते, गाडीच्या वायरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. टेपचा तुकडा दाखवला. लपवलं नाही त्यांनी.
"काटा तो मैंने ही था, मैडम. साहब बोले, जाम में कान खा जाता है, बंद कर दो."
कधी?
"होली से पहले. उसी दिन बैटरी भी बदली थी. मैंने कहा भी, मैडम भी चलाती हैं, उनको बता दीजिएगा. बोले, हाँ हाँ."
मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं. "कुछ हो गया क्या?"
काही नाही म्हटलं.
घरी येऊन गाडीचे कागद काढले. बॅटरीचं कार्ड, मार्च २०१२. ऑगस्टच्या पाच महिने आधी. त्या पाच महिन्यांत मी गाडी दोन-चारदाच काढली, आणि बीप नाही म्हणजे मागे मोकळं असंच धरलं.
आज एवढंच. लिहवत नाही.

१२ नोव्हें., बुध.
विचारलं. नाकारलं नाही त्याने.
"सांगायचं राहून गेलं."
ते मी समजू शकते. माणूस विसरतो. "पण वाजत होता असं का म्हणालास?"
खांदा चोळत म्हणाला, "मिश्रा ओरडत होता. लोक जमले होते. तोंडातून निघून गेलं. एकदा बोलल्यावर परत कसं घेणार?"
"सव्वादोन वर्षं?"
"आणि सेन्सर नसताच तर? मागे बघणं तुझंच काम होतं ना?"
होतं. माझंच होतं. ते मी कधी नाकारलं नाही, म्हणून तर तेलाची बाटली घेऊन जाते. पण कान तपासायला हाच घेऊन गेला होता मला. बाहेर बाकावर बसला होता. रिपोर्ट वाचून म्हणाला होता, "चला, कान तरी शाबूत आहेत." तेव्हा त्याला माहीत होतं. रिपोर्ट हातात धरून त्याला माहीत होतं.

१३ नोव्हें., गुरु.
मितालीने काल सगळं ऐकलेलं दिसतं. सकाळी डबा भरताना म्हणाली, "पापा ने गलत किया. पर अब छोड़ो ना मम्मा, इतना टाइम हो गया. घर में ऐसे अच्छा नहीं लगता."
तिचंही बरोबर. परीक्षा आहे.
सोडायचं म्हणजे काय काय सोडायचं, ते कोणी सांगत नाही.
अम्माजींकडे गेले नाही. गेल्या आठवड्यापासून गेलेच नाही. त्यांच्या पायाला हात लावताना काय तोंड घेऊन बसू, ते...

१५ नोव्हें., शनि.
श्री.ला सांगितलं, तू जा आणि मिश्राजींना खरं काय ते सांग. माझी चूक माझीच राहू दे, पण तुझं वाक्य तू परत घे.
"उद्या जातो."

१६ नोव्हें., रवि.
अकराला गेला. इस्त्रीचा शर्ट घालून. मी खिडकीत उभी. पंधरावीस मिनिटांनी परत.
"काय म्हणाले?"
"अम्माजी बऱ्या आहेत. भाभींनी चहा दिला."
"आणि?"
"पाहुणे होते त्यांच्याकडे. चारचौघांत कसं बोलणार?"
त्या दिवशी सगळी गल्ली उभी होती. तेव्हा बोलता आलं.
मी स्वतः जाऊन सांगू शकते. पण मी सांगितलं तर ती बायकोने नवऱ्यावर ढकललेली गोष्ट होणार. बीनाभाभी त्याच नजरेने ऐकतील. आणि सांगून मला हवंय तरी काय? अम्माजींचं हाड त्याने जुळणार नाही. माझ्यासाठीच हवंय ते. एवढंसुद्धा हवं असू नये का?

१७ नोव्हें., सोम.
गाडी काढली. मिताली मागे, दप्तर मांडीवर. श्री. गेटबाहेर उभा राहिला, डावा हात हलवत. "येऊ दे, येऊ दे. रिकामं आहे."
बझर गप्प होता, म्हणजे जवळ काही नव्हतं. आरशातही काही नव्हतं. तरी पाय ब्रेकवरून निघेना. इंजिन बंद केलं, उतरले, मागे जाऊन भिंतीलगत वाकून पाहिलं. रिकामंच होतं.
"सांगितलं ना मी," श्री. म्हणाला.
"मम्मा, लेट हो रहा है."
परत बसले. हळूहळू रस्त्यावर आणली. शेजारच्या दारात अम्माजी वॉकर धरून उभ्या होत्या, मला बघून हसल्या. बीनाभाभींनी मला स्टिअरिंगवर पाहिलं आणि अम्माजींचा दंड धरून त्यांना दोन पावलं आत ओढून घेतलं.
श्री.नेही ते पाहिलं. त्यांना नमस्कार केला, आणि आमचं गेट लावून घेतलं.